क्लाइव्ह नावाची मंडळी

बारशाला आत्याने बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून 'कुलकर्णी' असं नाव सांगितलं, तर पाळण्याभोवती जमलेल्या बायका पोट धरधरून हसतील. कुलकर्णी मधुकर देशपांडे! शाळेत हजेरी घेताना मास्तर काय म्हणतील? आपल्याकडे आवडत्या माणसाचं नाव मुलाला देतात, आडनाव नाही. सचिन घरोघरी झाले, पण तेंडुलकर नावाचं पोर मी तरी पाहिलेलं नाही.

इंग्रजांनी मात्र हा प्रकार शतकानुशतकं खुशाल केला. पर्सी, सिडनी, स्टॅन्ली, हॉवर्ड ही सगळी मुळात आडनावं, तीही बड्या घराण्यांची. सुरुवात झाली ती बहुतेक वेळा आईच्या माहेरापासून. माहेरचं आडनाव लग्नात पुसलं जाणार, मग ते थोरल्या किंवा धाकट्या मुलाला नाव म्हणून देऊन टाकायचं. नऊ दिवसांची राणी म्हणून ओळखली जाणारी लेडी जेन ग्रे हिच्या नवऱ्याचं नाव होतं गिल्डफर्ड डडली. गिल्डफर्ड हे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. १५५४ साली नवराबायको दोघांचीही मुंडकी उडाली, पण रिवाज टिकला. विल्यम कॅम्डन या इतिहासकाराने १६०५ साली या नव्या चालीची दखल छापून ठेवली आहे. माहेरच्या नावाची अशी सोय आपल्याकडे कुणाला सुचली नाही. आपण उलट लग्नानंतर मुलीचं पहिलं नावही बदलून मोकळे होत होतो.

पुढे आईकडचं नातं असण्याचीही गरज उरली नाही. लढाई जिंकलेल्या माणसाचं आडनाव कुणीही उचलावं आणि पोराला चिकटवावं. १७८२ मध्ये ॲडमिरल रॉडनीने कॅरिबियन समुद्रात फ्रेंचांना हरवलं आणि त्याचं आडनाव मुलांची नावं म्हणून फिरू लागलं. नेल्सनचं तर विचारूच नका. याच रांगेत एक नाव आहे, जे ऐकलं की मला अजून इतिहासाच्या पुस्तकाचा वास येतो: क्लाइव्ह.

मूळ अर्थ अगदी साधा आहे. कडा, डोंगराची उतरण. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात या नावाचं गावही आहे. त्याच परगण्यात १७२५ साली रॉबर्ट क्लाइव्ह जन्मला. कंपनीचा कारकून म्हणून मद्रासला आला, अर्काटला नाव कमावलं आणि २३ जून १७५७ रोजी प्लासीला जे केलं ते आपण सगळ्यांनी पाच मार्कांसाठी पाठ केलेलं आहे. प्लासीच्या सव्वा वर्ष आधी तो आपल्या कोकणात होता, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराबरोबर तो विजयदुर्गावर आला. समोर तुळाजी आंग्रे, आणि इंग्रजांच्या बाजूने, सांगायलाही जिवावर येतं, खुद्द नानासाहेब पेशव्यांची फौज. तोफांच्या माऱ्यात आंग्र्यांचं आरमार बंदरातच पेटलं. किल्ला पेशव्यांच्या हाती जाऊ नये म्हणून क्लाइव्हने रातोरात जमिनीवर माणसं उतरवून वाट अडवली. आतला खजिना इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला, आणि किल्ला पेशव्यांना परत मिळाला तो ऑक्टोबरात, बाणकोट देऊन. आपल्या पैशाने आपलंच आरमार जाळून घेण्याचा हा व्यवहार आठवला की मला प्लासीच्या मीर जाफरला फार नावं ठेवाविशी वाटत नाहीत.

तर असा हा माणूस. सरकारने त्याला 'बॅरन क्लाइव्ह ऑफ प्लासी' केलं. पार्लमेंटात पैशाचा हिशेब मागितला तेव्हा आपण एवढंच घेतलं याचंच आपल्याला आश्चर्य वाटतं, असं तो म्हणाला. १७७४ मध्ये लंडनच्या घरी त्याचा अंत झाला. गावच्या चर्चमध्ये पुरला, पण कबरीवर नावसुद्धा घातलं नाही.

नावाची खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते, कारण घराण्याने ते आडनाव टाकलं. मुलाची बायको वेल्समधल्या पोविस किल्ल्याच्या हर्बर्ट घराण्यातली. तिकडची इस्टेट मिळावी म्हणून नातवाने १८०७ साली आडनाव बदलून हर्बर्ट करून घेतलं. ज्या क्लाइव्हने बंगाल मिळवला त्याच्या थोरल्या पातीने एका किल्ल्यासाठी क्लाइव्ह असणं सोडून दिलं. याला आपल्याकडे दत्तक जाणं म्हणतात, फक्त आपल्याकडे निदान होमहवन तरी करतात.

घरच्यांनी टाकलेलं आडनाव बाहेरच्यांनी उचललं. हिंदुस्थानात नोकऱ्या करणाऱ्या गोऱ्या कुटुंबांतून मुलांना क्लाइव्ह हे नाव पडू लागलं. कलकत्त्यातच जन्मलेल्या थॅकरेने १८५३ ते ५५ दरम्यान 'द न्यूकम्स' ही कादंबरी हप्त्याहप्त्याने लिहिली. तिच्यातला कर्नल न्यूकम कंपनीच्या फौजेतला, आणि त्याच्या मुलाचं नाव क्लाइव्ह. हिंदुस्थान न पाहिलेल्या इंग्रज आईबापांनाही मग ते नाव झेपू लागलं. त्या काळी इंग्रजी कादंबरीतल्या नावाला तोच भाव होता जो आपल्याकडे पुढे सिनेमातल्या नावाला आला.

ज्यांना हे नाव मिळालं त्या सगळ्यांना ते गोड लागलं असं नाही. बेलफास्टला १८९८ मध्ये जन्मलेल्या क्लाइव्ह स्टेपल्स लुईसने चार वर्षांचा असताना जाहीर करून टाकलं की यापुढे मला जॅक्सी म्हणायचं. ते नाव त्याच्या आवडत्या कुत्र्याचं, जो नुकताच गाडीखाली सापडला होता. जन्मभर तो मित्रांत जॅक राहिला, आणि प्लासीचा वीर पुस्तकांवरच्या 'सी. एस. लुईस'मधल्या 'सी.' या आद्याक्षरात दडून बसला. याच्या बरोबर उलट गोष्ट ऑस्ट्रेलियातली. १९३९ मध्ये जन्मलेल्या एका मुलाचं नाव होतं व्हिव्हियन. त्याच वर्षी व्हिव्हियन ली 'गॉन विथ द विंड'मध्ये पडद्यावर गाजली आणि ते नाव कायमचं बायकी झालं. पोराची शाळेतली फरफट बघून आईने सांगितलं, तूच निवड बाबा काय हवं ते. त्याने एका सिनेमातल्या पात्रावरून क्लाइव्ह निवडलं. पुढे तो क्लाइव्ह जेम्स म्हणून लेखक आणि टीव्हीवरचा टीकाकार म्हणून गाजला. त्याच्या निवडीत ना बंगाल होता, ना कंपनी. होता एक टायरोन पॉवर, त्या पात्राचं काम करणारा नट.

मला यातली गंमत अशी वाटते की नावाला जितकं लांब जावं लागलं तितका त्याचा मूळ मालक गळून पडला. विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात क्लाइव्ह नावाचे गृहस्थ जागोजागी होते. वसाहतींमधून तर होतेच. आपल्याकडे वांद्र्यात, वसईत, मडगावात क्लाइव्ह भेटतो, पुढे पोर्तुगीज वळणाचं आडनाव लावून. म्हणजे वास्को द गामा आणि रॉबर्ट क्लाइव्ह एकाच रेशनकार्डावर! त्या भल्या माणसाला मात्र यातल्या कुणाशीच देणंघेणं नसतं, त्याला लोकल पकडायची असते.

आणि लॉइड. क्लाइव्ह ह्युबर्ट लॉइड, जन्म १९४४, जॉर्जटाऊन, तेव्हाचं ब्रिटिश गयाना. उसाच्या मळ्यांवर गुलाम आणि गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले हिंदी मजूर, राबवून इंग्रजांनी उभ्या केलेल्या वसाहतीतल्या काळ्या मुलाचं नाव क्लाइव्ह. त्याची पहिली कसोटीही मुंबईतच, १९६६ साली ब्रेबॉर्नवर. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवरचा पहिलावहिला कसोटी सामना झाला तेव्हा तो वेस्ट इंडिजचा कप्तान होऊन आला. जाड भिंगांचा चष्मा, किंचित वाकलेले खांदे, हातात ती वजनदार बॅट. नाबाद २४२. द्विशतक झाल्यावर एक पोरगा कुंपण ओलांडून त्याचं अभिनंदन करायला धावला, पोलिसांनी त्याला बडवलं आणि नव्याकोऱ्या स्टेडियमात दंगल उसळली. आमची मुंबई एका क्लाइव्हला हात लावू दिला नाही म्हणून पेटली!

त्याच गयानाच्या रोहन कन्हाय या फलंदाजाचं नाव पुढच्याच वर्षी सुनील गावसकरने आपल्या मुलाला दिलं. कन्हाय हे आडनावसुद्धा कधीकाळी कुणा गिरमिटियाचं नुसतं हाक मारायचं नाव असणार. बोटीवर चढताना कारकुनाने जे लिहून घेतलं ते पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. इंग्रजांकडे आडनावाचं नाव होतं, त्यांच्या मळ्यांवर नावाचं आडनाव.

आता इंग्लंडात नवीन बाळाला क्लाइव्ह म्हणणारे फार थोडे. नाव आजोबांच्या वयाचं झालं. २०२० साली श्रूजबरीच्या चौकातला रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा हलवा म्हणून हजारो सह्या गोळा झाल्या, पण कौन्सिलने तो ठेवला. कलकत्त्याची क्लाइव्ह स्ट्रीट नेताजी सुभाष रोड झाली, ते बरंच झालं. पण विमानतळ आहे त्या दमदमला क्लाइव्ह हाऊस नावाचं पडकं घर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात अजून आहे, आणि एक क्लाइव्ह त्याच दमदमला उतरला, तो नोव्हेंबर १९९१ मध्ये.

वर्णभेदाच्या बंदीनंतर दक्षिण आफ्रिकेचा संघ पहिल्यांदा आला होता. कप्तान क्लाइव्ह राइस, वय ४२, पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. विमानतळापासून शहरापर्यंत रस्त्याच्या दुतर्फा माणसं हात हलवत उभी. चंद्रावर उभं राहिल्यावर आर्मस्ट्राँगला काय वाटलं असेल ते आपल्याला कळलं, असं राइस म्हणाला. १० नोव्हेंबरला ईडन गार्डन्सवर त्याच्या संघाने १७७ धावा केल्या. डोनाल्डने पाच बळी घेऊन आपली पुरती गाळण उडवली, तरी सामना आपण तीन गडी राखून जिंकला. सगळ्यात जास्त, ६२ धावा काढल्या त्या शिवाजी पार्कवर घडलेल्या अठरा वर्षांच्या पोराने. मीर जाफरचं काम कुणी केलं नाही.