ठिकाण आणि वेळ

सातवीत असताना, आता सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या आपल्या याच शाळेने आम्हांला रुक्मिणीच्या माहेरी, कौंडण्यपूरला नेले होते. चार बंड्या जुंपल्या होत्या, प्रत्येकाच्या शिदोरीत ज्वारीची भाकर आणि वांग्याचे भरीत होते, आणि वर्धा नदी आम्ही डोंग्यातून ओलांडली. पलीकडच्या काठावर, अंबिकेच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसवून मराठीच्या गुरुजींनी रुक्मिणीची गोष्ट सांगितली. कीर्तनांमुळे ती आम्हां सगळ्यांना पाठ होती. गुरुजींनी मात्र त्या दिवशी तिच्या पत्राकडे लक्ष वेधले. भागवताच्या दहाव्या स्कंधात तिचा निरोप अवघ्या सात श्लोकांचा आहे. तेवढ्यात ती आपले मन कृष्णावर जडल्याचे सांगते, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनासाठी नववधू नगराबाहेर जाते, हेही कळवते. गुरुजी म्हणाले, "पोरीनं नुसतं प्रेम नाही लिहिलं. ठिकाण लिहिलं, वेळ लिहिली, म्हणून तो पोचला."

आज माझ्या नावावर अकरा प्रेमकादंबऱ्या आहेत, आणि प्रत्येक कादंबरीचा आराखडा मांडताना वहीच्या पहिल्या पानावर मी अजूनही हेच दोन शब्द लिहिते.

पहिल्या कादंबरीत मात्र मी ते विसरले होते. लोणार न पाहताच मी नायक-नायिकेला तिथल्या सरोवरात होडीत बसवले. पुस्तक निघाल्यावर महिनाभरात मेहकरकडच्या एका वाचक बाईंचे पोस्टकार्ड आले : "ताई, त्या पाण्यात होडी नाही. तुम्ही एकदा येऊन पाहा." मी गेले. काठावरून झाडीतली पायवाट उतरताना पाण्याचा खारट, उग्र वास आधी आला आणि पाणी नंतर दिसले. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या त्या सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या विवराच्या तळाशी उभे राहिल्यावर, एवढ्या शांत जागी दोन माणसे काय बोलतील आणि काय बोलणार नाहीत, हे मला प्रथमच उमगले. दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरण मी नव्याने लिहिले. ते कार्ड माझ्याजवळ आहे.

तेव्हापासून लेखनाआधी प्रवास, हा क्रम ठरून गेला. सकाळी चार ते सहा लेखन, नंतर नोकरी आणि घर, आणि सुट्ट्या लागल्या की एसटी. चिखलदऱ्याला कॉफीची झुडपे पाहायला तीनदा गेले. हस्तलिखित दोन वर्षे ठेवून घेऊन पाने गहाळ करून परत पाठवणारा प्रकाशकही मला भेटला. त्यामुळे प्रत्येक हस्तलिखिताची दुसरी प्रत ठेवण्याची सवय लागली, यापलीकडे त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

सविस्तर सांगावा असा प्रवास एकच आहे. एका आषाढात मी रामटेकहून निघाले आणि कालिदासाच्या मेघदूतातल्या मेघाच्या वाटेने गेले. शापित यक्ष जिथून मेघाकरवी प्रियेला निरोप धाडतो, ते रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे मानणाऱ्या विद्वानांवर माझा विश्वास आहे. अमरकंटक, नर्मदा, मग वेत्रवतीच्या, म्हणजे आजच्या बेतवाच्या, काठचे विदिशा आणि शेवटी उज्जैन. यक्षाच्या शापाचे चारच महिने उरलेले आहेत, प्रिया दूर अलकेत आहे; तरीही उत्तरेला निघालेल्या मेघाला तो वाट वाकडी करून उज्जयिनी पाहून जायला सांगतो. विदिशेला भर पावसात बेतवाच्या घाटावर छत्री धरून उभी असताना हे मला नीट कळले. विरहात असलेल्या माणसाला वाटेतली नदी, गच्चीवरची कबुतरे, फुले वेचून दमलेल्या बायका अधिक स्पष्ट दिसतात. घरी परतल्यावर मी हातातल्या कादंबरीची चाळीस पाने बाद केली, आणि थेट नागपूर गाठणाऱ्या माझ्या नायकाला मूर्तिजापूरला उतरवून अचलपूरच्या अरुंद मार्गावरच्या शकुंतलेत बसवले. ती गाडी आता बंद आहे; पुस्तकात ती चालते, याचा मला आनंद वाटतो.

"बाई, आता काही गंभीर लिहा," असे मला सभांमधून अनेकदा सांगितले जाते. प्रेमकथा हलकी असते, हे मला मान्य नाही, आणि विदर्भातल्या माणसाने तर ते मानूच नये. रुक्मिणी, दमयंती, इंदुमती या तिघीही विदर्भाच्या लेकी. आपल्याजवळच्याच रिद्धपूरला तेराव्या शतकात मराठीची आद्य कवयित्री महदंबा हिने जे धवळे, म्हणजे लग्नगीते, गायिले, ते रुक्मिणीच्याच लग्नाचे आहेत. भाषेतल्या पहिल्या कवयित्रीला जो विषय पुरेसा गंभीर वाटला, तो मला आयुष्यभर पुरेल.

सध्याची कादंबरी शाळेतली आहे. त्यात नववीतली एक मुलगी चिठ्ठी लिहिते : मधली सुट्टी, हातपंपाजवळचा निंब. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमाला मी तासभर आधीच येणार आहे. वर्गाच्या दारातून तो निंब दिसतो की मध्ये भिंत येते, एवढे मला पाहून घ्यायचे आहे.