टिक, फुली, टिंब

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर सोसायटीच्या वाचनालयासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहीत बसले होते. वर सभासदाचं नाव, फ्लॅट नंबर आणि खाली चेकबॉक्स: दिवाळी अंक हवेत, पुस्तकं घरपोच हवीत, मोबाइलवर निरोप आलेले चालतील. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबरोबर टीके-इंटर हे खिडक्या-बटणं काढायचं साहित्य आयतंच मिळतं, त्यामुळे एका ओळीत एक चौकोन उभा राहतो. आधी नुसती मांडणी बघू, बाकीचं मागाहून जोडू, अशी माझी सवय. प्रोग्रॅम चालवला तर चौकोन आले, पण रिकामेही नव्हते आणि त्यांच्यात टिकही नव्हती. सगळ्यांच्या पोटात काहीतरी काळपट भरलेलं.

ज्यांनी हे केलंय त्यांना कारण ठाऊक आहेच. टीके-इंटरचा चौकोन स्वतः काही लक्षात ठेवत नाही. टिक आहे की नाही हे एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या आठवणीतल्या नाव दिलेल्या कप्प्यात असतं, आणि चौकोन त्याच्याकडे बघून आपला चेहरा ठरवतो. टीके-इंटरमधल्याच नव्या धाटणीच्या टीटीके चेकबटनला, म्हणजे चौकोनाला, व्हेरिएबल दिलंच नाही, तर ते हा तिसरा चेहरा करून बसतं. त्या अवस्थेला तिथे 'ऑल्टरनेट' म्हणतात. एक बूलियनव्हार, म्हणजे हो-नाही ठेवणारं व्हेरिएबल करायचा, त्यात फॉल्स (नाही) घालायचं, चौकोनाला जोडायचं, की चौकोन निमूट रिकामा होतो. तोच बूलियनव्हार फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका तुकड्याच्या आत नुसता करून सोडून दिला, तर फंक्शन संपल्यावर पायथन तो झाडून टाकतं आणि चौकोन पुन्हा भांबावतो. म्हणून जाणती मंडळी तो 'सेल्फ'ला, म्हणजे फंक्शन संपलं तरी मागे उरणाऱ्या गोष्टीला बांधून ठेवतात.

ओळ तिथल्या तिथे लिहून टाकता आली असती. पण त्या काळपट चौकोनांकडे बघत बसले, कारण मला आजोबांची वही आठवली.

आत्याच्या लग्नाच्या आमंत्रणांची यादी. वाईजवळच्या आमच्या गावच्या घरी ओसरीवर आजोबा लांबट वही मांडीवर घेऊन बसायचे, कानामागे पेन्सिल. जुन्या लग्नातली यादी उघडून एकेक नाव मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे होतं, कारण आजोबांचा चष्मा वाचायचा आणि लिहायचा असा दोन्हीकडे चालत नसे. आजी पलीकडे सुपात तांदूळ निवडत असायची. तिचं यादीशी काही देणंघेणं नाही असा तिचा एकूण आव.

"खालच्या आळीचे तात्या."

"टिक. चूलबंद."

चूलबंद म्हणजे त्या घरी त्या दिवशी चूलच पेटवायची नाही, सगळ्या खटल्यानं जेवायला यायचं. अशा टिकेभोवती आजोबा गोल काढत. नुसती टिक म्हणजे घरटी एक माणूस. फुली म्हणजे नाव गळालं. फुल्या फार थोड्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा वारलेल्या माणसांच्या.

"बापू पाटील."

आजोबांची पेन्सिल थांबली. सुपाचा आवाजही थांबला. मग आजी मान वर न करता म्हणाली, "गेल्या पावसाळ्यात बांध कोरला त्यांनी."

"पण गोठा जळाला तेव्हा पहिली बादली त्यांनीच आणली होती," आजोबा.

"मी काही म्हणतेय का?"

आजोबांनी बापू पाटलांच्या नावापुढे एक टिंब दिलं. "काय लिहिलंत?" मी विचारलं. "बघू," आजोबा म्हणाले.

त्या यादीत टिंबं पुष्कळ होती. आत्याच्या सासरकडून काय निरोप येतो, भाऊबंदकीतला निकाल कुठे जातो, तेल-तुपाचे भाव काय होतात, सगळं त्या टिंबांत साठलेलं. लग्न जवळ आलं तशी एकेका टिंबाला शेपूट फुटून त्याची टिक होत गेली. ती शेपटं आजोबांनी काढली नव्हती, हे मला उशिरा कळलं. आजीला लिहिता येत नव्हतं, पण टिंबाची टिक करायला लिहिता यावं लागत नाही. बापू पाटील लग्नाला आले, टोपी सावरली आणि कुणी काही म्हणायच्या आत बुंदीचं ताट घेऊन पंगतीत वाढायला लागले.

चेकबॉक्स करणाऱ्यांनाही हे टिंब कधीतरी लागलंच असणार. फाइलींच्या झाडात एका फोल्डरखाली काही टिका आहेत आणि काही नाहीत, तर वरच्या चौकोनात आडवी रेघ येते. आमच्याकडची घरटी एक. सगळ्या खालच्या टिका झाल्या की चूलबंद. या रेघेचं काय करायचं यावर मात्र दर टूलकिटचं, म्हणजे टीके-इंटरसारख्या दर साहित्याचं आपापलं मत. जीटीके नावाचं टूलकिट तिला 'इनकन्सिस्टंट' म्हणतं, म्हणजे विसंगत. मला हे जरा लागतं, कुणाचं ठरलेलं नसणं म्हणजे काय विसंगती? क्यूटी या दुसऱ्या टूलकिटमध्ये रिकाम्याला शून्य, अर्धवटाला एक आणि टिकेला दोन. चौकोन बदलल्याची वर्दी देणाऱ्या स्टेटचेंज्ड सिग्नलमधून आलेला आकडा एकशी ताडून 'टिक झाली का' असं विचारणाऱ्यांची तिथे रात्र होते. पण हिशोब मला पटतो. बघूला एक गुण, होकाराला दोन.

डब्ल्यूएक्स या आणखी एका टूलकिटमध्ये तर दोन वेगवेगळ्या परवानग्या आहेत. एक अशी की या चौकोनाला तिसरी अवस्था असू शकते, आणि दुसरी अशी की ती अवस्था वापरणाऱ्यालाही निवडता येईल. दुसरी दिली नाही, तर 'बघू' म्हणायचा हक्क फक्त प्रोग्रॅमकडे. माझ्या टीटीकेत त्याहून कडक कारभार: काळपट चौकोनावर एकदा क्लिक केलं की टिक, पुन्हा केलं की रिकामा, आणि मग जन्मभर तेच दोन. माणसानं एकदा बोट लावलं की त्याला परत 'अजून ठरलं नाही' म्हणता येत नाही. मला हे मुळीच आवडत नाही. लोक ठरवतात, मोडतात, परत विचारात पडतात. अशा वेळी मी सरळ तीन पर्यायांची रेडिओ बटणं, म्हणजे एका वेळी एकच निवडता येणारे गोल ठेवते. जागा जाते, जाऊ दे.

चेकबॉक्सबाबत माझी आणखी खोड आहे ती शब्दांची. 'ही सूचना पुन्हा दाखवू नका' याच्यापुढे चौकोन. टिक केली म्हणजे नको, काढली म्हणजे हवी. सेटिंगमध्ये असा चौकोन दिसला की मी आधी पाणी पिऊन येते. दुसरी खोड, शब्दांवर क्लिक केलं तरी टिक व्हायला हवी. टीके, क्यूटी, जावा भाषेतलं स्विंग, सगळ्या टूलकिटांत शब्द चौकोनाचाच भाग असतात, त्यामुळे हे आपोआप होतं. वेबवर मात्र लेबल, म्हणजे चौकोनापुढचे शब्द, आठवणीनं जोडावं लागतं, आणि फॉर्म करणारे ते हमखास विसरतात. मग हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी त्या एवढ्याशा चौकोनाचा नेम धरत बसायचं.

खुणेचंही गंमतशीर आहे. १९८४च्या मॅकिंटॉशवर चेकबॉक्स लागला की त्यात फुली उमटायची. विंडोज ३.१ मध्येही फुलीच. टिक आली ती विंडोज ९५ पासून. आपल्या शाळेत फुली म्हणजे गुण गेले, पण मतपत्रिकेवरचा शिक्काही फुलीच्याच वळणाचा होता, आणि तो मारण्यासाठी ताई-माई-अक्कांना किती विनवण्या! फिनलंडच्या मास्तरांची टिक म्हणजे उत्तर चुकलं. जपानमध्ये बरोबर उत्तराभोवती गोल काढतात. आजोबांचं चूलबंद तिथे न सांगता कळलं असतं.

हे सगळं हलकंफुलकं वाटतं, जोवर चौकोन आधीच टिक करून समोर येत नाही. प्रोग्रॅममध्ये हा फरक एका शब्दाचा असतो, फॉल्सच्या जागी ट्रू. "डीफॉल्ट ऑन ठेवा ना, कोण वाचतंय," असं म्हणणारे ग्राहक मी पाहिले आहेत, आणि वाद घालून हरलेही आहे. युरोपीय न्यायालयानं १ ऑक्टोबर २०१९ ला जर्मनीतल्या एका ऑनलाइन सोडतीच्या खटल्यात सांगून टाकलं की आधीच केलेली टिक म्हणजे संमती नव्हे. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १३ डार्क पॅटर्नची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन मांडण्यांची यादी काढली; न विचारता खरेदीच्या टोपलीत काहीबाही सरकवणं त्यात आहे.

पण मला खरं गप्प केलं ते एका जुन्या अभ्यासानं. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ साली 'सायन्स' या नियतकालिकात अवयवदानाच्या संमतीचे आकडे मांडले होते. जर्मनीत १२ टक्के, शेजारच्या ऑस्ट्रियात ९९.९८. माणसं काही एवढी वेगळी नाहीत. जर्मनीत द्यायचं असेल तर सांगावं लागे, ऑस्ट्रियात द्यायचं नसेल तर. एक चौकोन रिकामा, एक आधीच भरलेला. सोडतीच्या जाहिरातीतली जी टिक मला लबाडी वाटते, तिलाच इथे काय म्हणू हे अजून सुचलेलं नाही. शिवाय संमती म्हणजे लगेच दान नव्हे. शेवटी दवाखान्यात उभं राहून घरच्यांना बोलावंच लागतं.

आपल्याकडे आपण होऊन सांगायची रीत आहे. ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जातसुद्धा हा प्रश्न असतो, बहुतेकजण वरून डोळे फिरवून पुढे जातात. नंतर सही नातेवाइकांची लागते, म्हणजे माझ्या होकारावर आईचा किंवा भावाचा होकार. माझी टिक मी केलेली आहे. घरी सांगायचं तेवढं राहिलंय.