त्या फोटोतला भुरकट ठिपका

रात्रीचे दोन वाजलेत आणि डाव्या गुडघ्यावर बर्फ धरून हे लिहितोय. तेरा वर्षं फुटबॉल मॅचचे फोटो काढायला गोलमागे उकिडवं बसून, एका गुडघ्यावर टेकून, जमेल तसं बसून हा गुडघा असा झालाय. डॉक्टर म्हणतात बसायची पद्धत बदला. आता त्यांना काय सांगू, मी उभा राहिलो तर मागचा फोटोग्राफर काय शिव्या घालतो ते!

आज मॅचमध्ये माती खाल्ली. हाफटाइमला सगळे सामान उचलून दुसऱ्या एंडला पळाले, मी मात्र जागेवरच बसून राहिलो, का तर पाहुणी टीम काउंटर-अटॅकवर चांगली खेळत होती आणि मला वाटलं गोल झाला तर इकडेच होणार. थोडा आळस पण होता, खोटं कशाला बोलू. ८८व्या मिनिटाला गोल झाला, तिकडे. मला मिळाली गोल मारणाऱ्या नऊ नंबरच्या खेळाडूची पाठ. बरं, गोल मारल्यावर तरी इकडे पळत येईल तर तोही पठ्ठ्या तिकडच्याच कॉर्नरला गेला. एकूण १,९०० फ्रेम मारल्या, फोटो डेस्कला ३७ पाठवल्या, गोलची एकही नाही.

पाठीचाही फोटो होतो म्हणा. १३ जून १९४८ ला अमेरिकन बेसबॉलचा महान खेळाडू बेब रूथचा निरोप समारंभ होता, फोटोग्राफर नॅट फीन मुद्दाम त्याच्या मागे जाऊन उभा राहिला, जर्सीवरचा तीन नंबर आणि बॅटला टेकलेला तो आजारी माणूस, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. फीन रोज स्पोर्ट्स करणारा नव्हताच, त्या दिवशी नेहमीचा फोटोग्राफर आजारी होता म्हणून त्याला पाठवलं होतं. पण आमचा नऊ नंबर काही बेब रूथ नाही, त्यामुळे त्याची पाठ कुणी छापणार नाही.

गोलचा फोटो मिळाला आमच्यातल्या एका ज्युनिअर मुलीला. भारी आलाय, बॉल बुटावरून सुटतोय, डोळे एकदम शार्प. मी तो झूम करून बघत बसलो तर लांब मागे, बोर्डाच्या वर, फोटोग्राफर घालतात त्या हिरव्या बिबचा (जॅकेटचा) एक भुरकट ठिपका दिसला. तो मी. हसूच आलं, कारण हर्ब शार्फमन आठवला.

मे १९६५, मुहम्मद अली आणि सनी लिस्टनची बॉक्सिंग फाइट, पहिल्याच राउंडला संपली. खाली पडलेल्या लिस्टनवर ओरडणारा अली, तो नील लीफरचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यात अलीच्या दोन पायांमधून पलीकडे एक टक्कल पडलेला फोटोग्राफर दिसतो, तो शार्फमन. दोघं एकाच मॅगझिनसाठी, स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडसाठी, आले होते, शार्फमन वयाने कितीतरी मोठा, लीफर २२ वर्षांचा. फरक एवढाच की एक रिंगच्या या बाजूला बसला आणि दुसरा त्या. त्यात लीफरचे फ्लॅश परत चार्ज व्हायला वेळ लागायचा, म्हणजे त्या क्षणाला एकच फ्रेम. आणि गंमत म्हणजे तो फोटो त्या आठवड्यात कव्हरवर आलाच नाही, मोठा झाला तो नंतर.

लीफरची सुरुवात मला त्या फोटोपेक्षाही आवडते. व्हीलचेअरवरच्या माजी सैनिकांना ढकलत आत न्यायचं म्हणजे स्टेडियममध्ये फुकट एंट्री, अशी त्याची युक्ती. २८ डिसेंबर १९५८, त्याचा सोळावा वाढदिवस, त्या दिवशी असाच आत घुसून त्याने एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या फायनलचा शेवटचा टचडाउन टिपला. आता हे कुणी करून बघा, अॅक्रेडिटेशनशिवाय (प्रेस पासशिवाय) गेटवरचा माणूस सावलीसुद्धा आत सोडत नाही.

आणि आत गेलात तरी पुढे काय? त्याच स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने जानेवारी २०१५ मध्ये सहाच्या सहा स्टाफ फोटोग्राफर काढून टाकले. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर कुणी फारसं काही बोललं नव्हतं. आता बहुतेक जण माझ्यासारखे फ्रीलान्स, मॅचमागे पैसे, ४०० एमएमची लेन्स स्वतःची, तिचा इन्शुरन्स स्वतःचा, गुडघा तर स्वतःचाच. एका क्लायंटच्या काँट्रॅक्टमध्ये फोटोचे सगळे हक्क कायमचे त्यांचे असं बारीक अक्षरात होतं, मी न वाचता सही केली, तीन सीझनचं काम गेलं. तेव्हापासून वाचतो. निदान पहिलं पान तरी.

कॅमेरे मात्र कुठल्या कुठे गेले. सोनीचा एक आहे, सेकंदाला १२० फ्रेम. आणि १९६० च्या ब्रिस्बेन टाय टेस्टमध्ये फोटोग्राफर रॉन लोविटकडे शेवटी एकच प्लेट, म्हणजे एकच फोटो, उरली होती, ती त्याने राखून ठेवली आणि सॉलोमनचा थ्रो स्टंपवर बसला तेव्हाच वापरली. मी १,९०० मारून चुकलो. अर्थात १२० चा कॅमेरा असता तरी नऊ नंबरची पाठच आली असती, फक्त जास्त वेळा.

झोपायच्या आधी त्या ज्युनिअर मुलीला मेसेज टाकला, फोटो कडक आलाय. लगेच रिप्लाय, म्हणजे तीही जागीच, कॅप्शन लिहीत असणार. म्हणाली, "दादा, रविवारी सेकंड हाफला कुठल्या एंडला बसू?"

मी लिहिलं, मला विचार आणि बरोबर उलट्या बाजूला जा.