फोटो आहे की चित्र? तुम्ही विचारलंत म्हणून

पिएर आणि झील हे दोन फ्रेंच पुरुष कलाकार, कामात आणि आयुष्यातही जोडीदार. त्यांनी केलेली एखादी प्रतिमा कुणाला दाखवली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘हा फोटो आहे की चित्र?’ त्याच्या पाठोपाठ दुसरा: ‘एवढा खटाटोप कशाला, कॉम्प्युटरवर होत नाही का?’ तिसरा प्रश्न जरा आवाज खाली आणून येतो: ‘पण पुरुष असे नागडे का?’ तिन्हींची उत्तरं सुटी सुटी देऊन कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

कामाची वाटणी साधी आहे. फोटो पिएरचा, रंग झीलचा. आधी कच्चं रेखाटन होतं. मग स्टुडिओत बसणाऱ्या माणसाभोवती खराखुरा देखावा उभा राहतो: पडदे, प्लास्टिकची फुलं, चमकी, जाळीचं कापड, सगळं गणपतीच्या मखरासारखं हातानं रचलेलं. पिएर प्रकाश लावतो, फोटो काढतो. त्यातला एक निवडून छापला जातो, पूर्वी कागदावर, आता मोठ्या कॅनव्हासवर. त्यावर झील रंगाचे थर चढवतो. चौकटही त्या प्रतिमेसाठीच बेतलेली असते, ती कामाचाच भाग. प्रत एकच.

‘म्हणजे फोटोवर रंग मारला,’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा मारून पाहावा. साध्या डाय शाईचा, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या शाईचा प्रिंट घेतलात तर पाण्यात कालवलेल्या रंगाचा पहिला हात लागताच शाई सुटते आणि गालाचा गुलाबी रंग मानेवर ओघळतो. म्हणून पिगमेंट शाई, जिचे रंगकण पाण्यात विरघळत नाहीत. तीही पूर्ण सुकू द्यायची, मग पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे दोन-तीन पातळ हात देऊन ती बंद करायची. पहिला हात फवाऱ्यानं दिलेला बरा, कुंचला शाई ओढतो. त्यानंतर भरपूर माध्यमात (रंग पातळ करणाऱ्या पारदर्शक द्रवात) किंचित रंग, असा पातळ थर, आणि तो सुकल्यावर दुसरा. रंग पारदर्शक हवा. टायटॅनियम पांढरा किंवा कॅडमियम लाल जाड लावलात की खालचा फोटो मेला. ओला थर दुधी दिसतो आणि सुकल्यावर गडद होतो, त्यामुळे ‘अजून थोडा हवा’ असं वाटतं तिथेच थांबायचं असतं.

सर्वांत अवघड त्वचा. सगळीकडे सारखा थर दिला की रंध्रं बुजतात आणि माणूस मेणाचा होतो. सावलीत थोडा निळा-हिरवा नसेल तर गाल फुगवलेल्या फुग्यासारखा दिसतो. डोळा तर फारच दगाबाज. स्टुडिओतल्या चौकोनी दिव्याचं प्रतिबिंब बुबुळात चौकोनीच पडतं. त्यावर हौसेनं गोल पांढरा ठिपका ठेवलात तर बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण नजर खोटी वाटते. केसांची कडही तशीच. रंग केसांच्या आत थांबला तर माणूस कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा दिसतो आणि बाहेर सांडला तर टोप घातल्यासारखा.

कॉम्प्युटरवर हा रंग साधतो का? साधतो, आणि मोबाइलच्या पडद्यावर फरक तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही. फरक कळतो तो मूळ कामासमोर, जिथे प्रकाश थरांतून आत शिरून परत येतो. शिवाय रंगाचा हात मागे घेता येत नाही.

हे सुचलं कसं, तेही तितकंच व्यावहारिक. दोघं 1976 साली पॅरिसमध्ये भेटले आणि कामाला लागले. 1977 मध्ये त्यांनी वेडीवाकडी तोंडं केलेल्या माणसांची छायाचित्रं केली. छापून आलेले रंग झीलला पुरेसे भडक वाटले नाहीत, म्हणून त्यानं वरून रंगवले. 1979 मध्ये ते भारतात येऊन गेले. आपल्या कॅलेंडरवरचे देव, त्यांची गुळगुळीत त्वचा, डोक्यामागची प्रभावळ हे सगळं त्यांच्या पुढच्या कामात दिसतं. ‘किती भडक!’ म्हणून नाक मुरडणाऱ्या मराठी माणसाची मला म्हणूनच गंमत वाटते.

पण भडकपणा हा मुद्दाच नाही. फोटो सांगतो की हा माणूस खरोखर इथे बसला होता. रंग त्याला ती प्रभावळ देतो, जी त्याच्यासारख्यांना कुणी दिली नव्हती. नुसतं चित्र असतं तर ‘चित्रकाराची कल्पना’ म्हणून सोडून देता आलं असतं, नुसता फोटो असता तर ती पुराव्याची वस्तू झाली असती. 1987 चा त्यांचा संत सेबास्टियन बघा. प्लेगमध्ये ज्याची करुणा भाकायचे तो हा ख्रिस्ती संत, आणि त्या वर्षी एड्सनं मित्र जात होते. 1992 मध्ये त्यांनी स्वतःलाच नवरा-नवरी म्हणून उभं केलं. फ्रान्समध्ये समलिंगी विवाहाचा कायदा आला 2013 मध्ये.

आता व्हिएन्ना. 2012 च्या शरदात तिथल्या लिओपोल्ड संग्रहालयानं नग्न पुरुष या विषयावर मोठं प्रदर्शन भरवलं, 1800 पासून आजपर्यंतच्या कामांचं. शहरभर लावलेल्या पोस्टरसाठी त्यांनी या जोडीचं 2006 चं ‘व्हिव्ह ला फ्रान्स’ (‘फ्रान्स चिरायू होवो’) निवडलं: वेगवेगळ्या वंशांचे तीन तरुण फुटबॉलपटू, अंगावर फक्त फ्रेंच झेंड्याच्या रंगांचे, निळे, पांढरे, लाल मोजे आणि बूट. तक्रारींचा पाऊस पडला. लहान मुलांना यापासून वाचवायचं कसं, असं लोक विचारू लागले. शेवटी संग्रहालयानं स्वतःच मोठ्या पोस्टरांवर नको त्या जागी पट्ट्या चिकटवल्या.

पूर्वी मी ठामपणे ‘हे चित्र आहे’ म्हणत असे, कारण शेवटचा हात कुंचल्याचा. या पोस्टरांनी तो युक्तिवाद अडचणीत आणला. कॅनव्हासवरचे थर पोस्टरवर सपाट होतात, कुंचला नाहीसा होतो, उरतो तो फोटो, आणि लोक फोटोलाच चिडले. युरोपच्या संग्रहालयांत नग्न पुरुष शतकानुशतकं उभे आहेत, मर्क्युरीसारखे रोमन देव म्हणून, संत म्हणून. खाली देवाचं नाव असलं की शाळेच्या सहलीही समोरून जातात. हे तिघे मात्र रस्त्यात भेटू शकतील असे दिसत होते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी बहुतेक इथेच देतो: त्यांनी नवं असं काही उघडं केलं नाही, फक्त देवाचं नाव काढून घेतलं.

पण हे म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते. संग्रहालयात माणूस आपणहून तिकीट काढून शिरतो, बसथांब्यावर तशी निवड नसते. मूल घेऊन उभ्या असलेल्या आईला मागास ठरवायला मी तयार नाही. पट्ट्या चिकटवण्याला मात्र माझा विरोध आहे, कारण पट्टी लागताच तिघांच्या चेहऱ्याकडे कुणी बघेनासं होतं आणि नजर पट्टीवरच जाते. दुसरी एखादी प्रतिमा पोस्टरवर लावायला हवी होती का? कधी वाटतं, हो. आणि लगेच वाटतं, मग या जोडीचं नेहमी कपड्यांतलंच काम बाहेर येणार आणि बाकीचं आतल्या खोलीत.

2013 च्या फेब्रुवारीत त्याच संग्रहालयानं एका संध्याकाळी प्रेक्षकांनाही विवस्त्र येऊ दिलं. त्यावर किती बातम्या झाल्या! रंगाच्या थरांबद्दल एकीतही ओळ सापडली नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं आजचं उत्तर: त्यांच्या कामाखाली ‘रंगवलेला फोटो’ असं लिहिलेलं असतं, आणि मीही तेच म्हणतो. आधीचा मी हे मान्य करणार नाही. तो म्हणेल, पोस्टरवरून मूळ कामाचा न्याय का करतोस? त्याला द्यायला माझ्याकडे अजून धड उत्तर नाही.