शिबिराची बॅग कोणी भरायची?

एप्रिल उजाडला आणि शाळांच्या परीक्षा आटोपत आल्या की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: "ताई, मुलाला पहिल्यांदाच निवासी शिबिराला पाठवतो आहोत. बरोबर काय काय द्यायचे?" अंजनेरी, त्र्यंबक आणि इगतपुरीच्या परिसरात भरणाऱ्या उन्हाळी शिबिरांत मी बरीच वर्षे मुलींच्या निवासाची व्यवस्था पाहते, त्यामुळे माझ्याकडे एखादी पक्की यादी असणार असे विचारणाऱ्यांना वाटते. यादी तर आयोजक छापूनच देतात. अडचण येते ती यादीतली एखादी वस्तू राहून गेल्यामुळे नव्हे, तर वस्तू बॅगेत असूनही मुलाला ती सापडत नाही म्हणून. तेव्हा तुम्ही विचारलेत म्हणून सांगते: बॅग मुलाने भरावी आणि तुम्ही शेजारी नुसते बसावे.

पहिल्या संध्याकाळी निवासात काय घडते ते पाहिले की हा आग्रह का, हे कळेल. चौथीतल्या मुलीची बॅग आईने रात्री जागून भरलेली असते. प्रत्येक फ्रॉकची गुंडाळी, बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत साबणदाणी, बोटभरही जागा वाया गेलेली नाही. मुलीला हवा असतो फक्त टॉवेल. ती वरून हात घालते, मग बाजूने, मग सगळी बॅग सतरंजीवर पालथी करते. टॉवेल मिळतो, पण उपसलेले सामान पुन्हा त्या बॅगेत मावत नाही, कारण ती घडी आईच्या हातची होती. त्यानंतरचे सगळे दिवस ती मुलगी त्या ढिगातूनच कपडे ओढून काढते. ओला टॉवेल कोरड्या कपड्यांवर पडतो आणि तिसऱ्या दिवशी सगळ्याच कपड्यांना कुबट वास येऊ लागतो. तिच्या शेजारी एखादी अशी असते, जिने स्वतःच्या हाताने बोजड, वेडीवाकडी बॅग भरलेली असते. पण दिवे गेल्यावरही टॉर्च कोणत्या कप्प्यात आहे हे तिला विचारावे लागत नाही.

(बॅगेच्या तळाशी, कपड्यांच्या आड दडवून बेसनाच्या लाडवांचा डबाही बहुधा असतो. 'खाऊ देऊ नये' ही सूचना प्रत्येक आई वाचते आणि ती दुसऱ्यांच्या मुलांसाठी आहे असे समजते. तो डबा मुलीच्या आधी मुंग्यांना सापडतो.)

भरण्याची रीत सोपी आहे. एका दिवसाचे सगळे कपडे, आतल्या कपड्यांसह, एका पिशवीत. तितक्या दिवसांच्या तितक्या पिशव्या. मळलेल्या कपड्यांसाठी एक कापडी पिशवी वेगळी. भरून झाली की बॅग पूर्ण रिकामी करून मुलाकडून पुन्हा भरून घ्यावी, कारण शिबिरातून निघण्याच्या सकाळी त्याला नेमके हेच एकट्याने करायचे असते. मग ती पाठीवर घेऊन त्याला जिना चढउतार करायला लावावी. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांच्या आत असावे असे म्हटले आहे. शिबिराची बॅग त्या मापात बसणार नाही, परंतु बसपासून खोलीपर्यंत ती मुलाला स्वतःला नेता आली पाहिजे. न झेपल्यास काय कमी करायचे हेही त्यालाच ठरवू द्यावे.

वस्तूंविषयी थोडेच सांगते. नाशिकचा मे महिना फसवा असतो. दुपारी पारा 40 च्या आसपास जातो आणि अंजनेरीच्या बाजूला पहाटे पांघरूण ओढून घ्यावे लागते, शिवाय वळवाचा पाऊस केव्हा गाठेल याचा नेम नसतो. म्हणून सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, एक शाल आणि कपडे गुंडाळायला प्लास्टिकचा मोठा कागद द्यावा. बूट नवे घेऊ नयेत, आणि घेतलेच तर आधी पंधरा दिवस घरी वापरून पायात रुळवावेत. ताट, वाटी आणि भांडे यांवर भांडी बाजारातून मुलाचे नाव कोरून आणावे, कारण जेवणानंतर घासायला पडलेली स्टीलची सगळी ताटे सारखीच दिसतात. आईचे किंवा आजीचे नाव असलेले ताट दिलेत तर मुलाला ते आधी दाखवून ठेवा, एवढेच.

खरी तयारी बॅगेबाहेरची असते आणि तिला आठवडे लागतात. बादली आणि तांब्याने आंघोळ करणे, आपले आतले कपडे धुऊन चिमटा लावून वाळत घालणे, स्वतःची वेणी घालणे, आणि मोकळेपणाने सांगायचे तर, भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येणे. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या कित्येक मुलांनी तो पाहिलेलाही नसतो, मग ती दोन-दोन दिवस रोखून धरतात आणि पोट दुखते म्हणून माझ्याकडे येतात. बुटात विंचू दडलेला असू शकतो, म्हणून बूट झटकून मगच घालण्याची सवयही घरीच लावावी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवल्यापासून त्या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. तरीही झटकण्याला लागतो तो एक क्षण.

औषधे मुलाच्या बॅगेत ठेवू नयेत, ती मात्रेच्या चिठ्ठीसह आमच्याकडे द्यावीत. दम्याचा पंप तेवढा मुलाजवळच राहू द्यावा. मुलगी दहा-अकरा वर्षांची असेल तर पाळी सुरू झालेली नसली तरी पॅड द्यावेत आणि ते कशासाठी हे आधी बोलून ठेवावे. अंथरूण ओले करण्याची सवय असेल तर ती लपवू नये. आम्हाला ठाऊक असले की पहाटे चादर बदलली जाते आणि कोणालाही कळत नाही.

राहिले रडू. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या नियतकालिकात 2007 साली घराच्या आठवणीने होणाऱ्या व्याकुळतेवर एक अहवाल प्रसिद्ध झाला. घरापासून दूर राहण्याचा आधी थोडा सराव करावा, निर्णयात मुलाला सामील करून घ्यावे आणि 'करमले नाही तर लगेच न्यायला येऊ' असे वचन देऊ नये, असा त्याचा सल्ला आहे. यातले शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या मुलाला हे वचन मिळालेले असते ते पहिल्या रात्री झोपण्याचा प्रयत्नच करत नाही. 'बाबांना फोन लावा' एवढेच म्हणत राहते, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असते. आठवण येईल, रडूही येईल, तसे झाले तर ताईंजवळ जाऊन बस, असे सरळ सांगावे. सरावासाठी मामाचे किंवा आत्याचे घर पुरते, फक्त त्या रात्री आईने तिथे राहू नये. फोनऐवजी दोन-तीन पोस्टकार्डे द्यावीत. त्यांवर घरचा पत्ता मात्र निघण्यापूर्वी मुलाकडूनच लिहून घ्यावा. सातवीतल्या मुलांनाही आपला पिनकोड ठाऊक नसतो.