१९८१ ला जिल्हा वेगळा झाला, माझं दफ्तर कुठे गेलं?

पीएचडी म्हटलं की लोक विचारतात कोर्सवर्क कठीण असेल ना, लिखाण कठीण असेल ना. तसं काही नाही हो. कोर्सवर्क झालं, समितीसमोर विषय मांडला, भूगोलवाले म्हणाले हे राज्यशास्त्र, राज्यशास्त्रवाले म्हणाले हा भूगोल, गाईड सरांनी सांभाळून घेतलं, विषय पास. माझे आठ महिने गेले ते दफ्तरापायी, म्हणजे जमिनीच्या जुन्या सरकारी कागदांपायी.

विषय थोडक्यात सांगते. देवगड तालुक्यातली तीन गावं, पूर्वीची खोती, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोताच्या ताब्यातली. १९३७ ला बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं बिल आणलं, १९४९ ला कायदा झाला, हे सगळं पुस्तकात मिळतं. मला बघायचं होतं की आज त्याच जमिनीवर कोणाचा शब्द चालतो. सातबारा काढला (ऑनलाईन १५ रुपयात सहीचा मिळतो, त्यासाठी तलाठ्याकडे खेपा नकोत) तर एकेकावर चाळीस-पन्नास नावं, अर्धी माणसं वारलेली, उरलेली परळ नाहीतर डोंबिवलीला, आणि गावात राहणाऱ्या काकीला चार कलमं लावायची तरी आधी मुंबईला फोन. ही नावं कुठून आली ते कळायला जुनी बोटखतं, म्हणजे खोतीतल्या कुळांच्या नोंदी हव्यात.

मग गेले ऑफिसात. कुठलं ते लिहीत नाही, आमच्याकडच्यांना कळेलच. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला. दुसऱ्या खेपेला कॉलेजचं पत्र दाखवलं तर त्यावर जावक क्रमांक नाही (ही चूक माझीच, पत्र घेताना तिथेच उभं राहून नंबर टाकून घ्या). तिसऱ्या खेपेला नंबर होता, तर शिपाईमामा म्हणाले, "बाय गो, ह्या आमच्याकडे नाय, रत्नागिरीक गावतला. सिंधुदुर्ग वेगळो झालो ना तेवा." बरं, पहाटेची एसटी पकडून तिकडे गेले, तिथल्या क्लार्कने मान वर न करता सांगितलं, मॅडम तुमचा जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला, तुमचं सगळं तुमच्याकडे पाठवलं. मी म्हटलं ते म्हणतात तुमच्याकडे आहे. तर म्हणे, तसं त्यांच्याकडून लेखी आणा. लेखी कोण देणार? जे दफ्तर कुठे आहे तेच कोणाला माहीत नाही ते आपल्याकडे नाही असं सही करून कोण देईल! चार महिने हेच. त्यात इलेक्शन ड्युटी, त्यात पाऊस, त्यात गणपती, आणि मी तासिका तत्त्वावर शिकवणारी, एक दिवस गेला की पैसे कापले. एकदा परतताना एसटीत रडले, खोटं कशाला बोलू.

सुटलं ते माहितीच्या अधिकारामुळे. हे मला पहिल्या महिन्यात कोणी सांगितलं असतं तर! २००५ च्या कायद्यात कलम ६(३) आहे, माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर तुमचा अर्ज त्यांनीच पाच दिवसात तिकडे पाठवायचा, तुम्ही फिरायचं नाही. जोडपत्र अ (अर्जाचा ठरलेला नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. आणि 'प्रत द्या' एवढंच लिहू नका, 'अवलोकन करू द्यावे' पण लिहा. पोच घ्या. तीस दिवसात उत्तर नाही तर पहिलं अपील, पण माझ्यावर ती वेळ आली नाही, अठ्ठाविसाव्या दिवशी फोन आला, दफ्तर सापडलं. कुठे? पहिल्याच ऑफिसात, मागच्या खोलीत.

उघडलं तर सगळं मोडी लिपीत. आणि गाव दुसरंच, त्याच नावाचं! म्हणून अर्जात मौजे, तालुका, जुना महाल (तालुक्यासारखाच जुना विभाग) सगळं लिहा, खुर्द की बुद्रुक तेही. योग्य बाड पुढच्या आठवड्यात निघालं. मोडी वाचणारे एक रिटायर्ड गुरुजी मिळाले, पण २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं काम निघाल्यामुळे त्यांनाही वेळ नव्हता, रविवारचे दोन तास द्यायचे.

८४ पानांच्या झेरॉक्स, दोन रुपयांप्रमाणे १६८ रुपये, पावती घेतली. गुरुजींनी पैसे घेतले नाहीत, मे महिन्यात हापूसची पेटी पोचती केली. तिसरं प्रकरण आता सरांकडे आहे, तेही महिनाभर मीटिंगला आहेत.