सहा आकड्यांसाठी बारा दिवस

भाच्याला जुना फोन द्यायचा होता. फोटो काढून घेतले, नंबर काढून घेतले आणि फोन कोरा करून टाकला. तो परत सुरू होत असतानाच पोटात गोळा आला. ऑथेंटिकेटर अ‍ॅप, म्हणजे खातं उघडताना पासवर्डनंतर लागणारा सहा आकडी कोड दाखवणारं अ‍ॅप, त्याच फोनवर होतं.

त्याआधीच्या कामाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड सांभाळणारं अ‍ॅप, घेतला, दोन संध्याकाळी बसून सगळे पासवर्ड बदलले, संपलं. अडकलं ते मुख्य ईमेलपाशी, आणि बाकी प्रत्येक खात्याचा पासवर्ड बदलायची लिंक तिथेच येते.

पासवर्ड मला पाठ होता. हवे होते ते सहा आकडे. अ‍ॅप खात्याला जोडताना क्यूआर कोड स्कॅन करतो तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये उतरते. ती आणि घड्याळातली वेळ यांच्यावरून दर 30 सेकंदांनी नवा कोड तयार होतो, म्हणून तो नेट नसतानाही मिळतो. पण किल्ली पुसली गेली की नव्या फोनवर तेच अ‍ॅप घेऊन उपयोग शून्य. क्लाउडवर प्रत ठेवायची सोय होती, ती मीच बंद केलेली. एसएमएसचा पर्यायही मीच काढलेला, कारण कुणी आपल्या नंबरचं दुसरं सिम काढलं तर कोड त्याच्याकडे जातात. फार शहाणी! अ‍ॅप हाताशी नसेल तेव्हा वापरायचे बॅकअप कोड मात्र जपून ठेवले होते. त्याच ईमेलमध्ये.

मग रिकव्हरीचा, म्हणजे खातं परत मिळवायचा अर्ज. पहिले दोन नव्या फोनवरून, मोबाइल डेटावर भरले. दोन्ही वेळा उत्तर एकच: खातं तुमचंच आहे याची खात्री पटली नाही. तिसरा घरच्या कॉम्प्युटरवरून, घरच्या वायफायवर, नेहमीच्या ब्राउझरमधून भरला, तेव्हा कुठे स्वीकारला गेला. ओळखीचं यंत्र आणि ओळखीचं नेटवर्क यांना वजन असतं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर! आता सात दिवस थांबा. चोराने अर्ज केला असेल तर खऱ्या मालकाला तो अडवता यावा म्हणून ही मुदत. पटतं. तरी दिवसातून दहा वेळा बघत होते.

पाचव्या दिवशी नवरा म्हणाला, "अगं, तुझं खातं कुणीतरी उघडायला बघत होतं. मी लगेच थांबवलं."

पर्यायी पत्ता म्हणून मी त्याचा ईमेल दिला होता. 'हा अर्ज तुमचा नसेल तर रद्द करा' ही सूचना त्याच्याकडे गेली. वर तो म्हणतो, "पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का ते तपासूनच बटण दाबलं, तूच शिकवलंयस." काय बोलणार? पुन्हा नवा अर्ज, पुन्हा सात दिवस.

बाराव्या दिवशी आत शिरले आणि सगळ्यात आधी बॅकअप कोड नवे काढून कागदावर छापून फायलीत लावले. प्रत्येक कोड एकदाच चालतो, तेव्हा वापरला की खोडायचा. पासवर्ड मॅनेजरचा मुख्य पासवर्डही त्याच फायलीत कागदावर आहे. तो विसरला तर पुढे कुणी वाली नाही. अ‍ॅपमधला कोड बरोबर असून नाकारला जात असेल तर फोनची वेळ ऑटोमॅटिक आहे का बघा. आणि हो, क्यूआर कोड पडद्यावर असतानाच दुसऱ्या एखाद्या जुन्या टॅबलेटवरही स्कॅन करून ठेवा. दोन्हीकडे तेच आकडे येतात. हे मला सगळं उरकल्यावर कळलं, म्हणून परत पहिल्यापासून सेट करावं लागलं.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची सवय मी सोडली. अमेरिकेच्या निस्ट या मानक-संस्थेनेही 2017 साली उगाच ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका असं म्हटलं. फुटल्याची शंका असेल तेव्हा बदलायचा. राउटरचा मूळ पासवर्ड मात्र अजून तसाच असेल तर आजच बदला, माझा होता.

पर्यायी पत्ता अजून नवऱ्याचाच आहे. फक्त आता कुठे काही अर्ज केला की आधी त्याला सांगते.